ठिपका नसलेलं अंडं

बत्तीशीकाकांचा आयुष्यात एकच नियम होता. खोटं ओळखू आलं, तर ते करायचंच कशाला?

नियम धंद्याचा होता. काका कवळ्या बनवायचे. इमारतीच्या तळमजल्यावर त्यांचा कारखाना. कारखाना म्हणजे काय, एक टेबल, साचे उकळायचं पातेलं आणि पॉलिशचं गरगर फिरणारं चाक. डॉक्टर मंडळी तोंडांची मापं पाठवायची, काका दात पाठवायचे. दात असे, की नवऱ्याचे बायकोला कळू नयेत. एखाद्याला मुद्दाम एक दात किंचित वाकडा बसवायचे, एखाद्याला चहाचा पुसट डाग द्यायचे. "सगळे दात सरळ असले की माणूस थापा मारतोय असं वाटतं," म्हणायचे. गावातली कितीतरी माणसं काकांच्या दातांनी हसत होती, आणि रस्त्यात समोर आली तर काका त्यांना ओळखसुद्धा दाखवत नसत. इतकं इमान.

असा माणूस अंडं करायला बसला आणि दात पाडून घेतले. स्वतःचे.

सुरुवात झाली साडूसाहेबांपासून. काकूंच्या थोरल्या बहिणीचे यजमान. विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्रोफेसर. घरी आले की पंखा का फिरतो हे पंख्याखाली बसून समजावणारा माणूस. काकांशी बोलायचे, पण कसं, तर लिफ्टवाल्याशी बोलावं तसं. वर जायचं असलं की बोलायचे. कारखान्यात म्हणाल तर एकदाच आले होते, मागच्या दाराने, तोंडावर रुमाल धरून. कशाला, ते काकांनी काकूंनाही सांगितलं नाही.

तर हे साडूसाहेब एक दिवस पुढच्या दाराने आले. मागे एक उंच बाई, गळ्यात दुर्बीण, केसांत वाऱ्याने घरटं केलेलं.

"बत्तीशीराव," साडूसाहेब म्हणाले, "तुमची एका संशोधनात गरज आहे."

काकांच्या हातातली कवळी पातेल्यात पडली.

भानगड अशी. इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे, कुरव पक्ष्यांच्या जोडीने घरटं केलं होतं. कुरव म्हणजे समुद्रावरचा तो पांढरा पक्षी, पिवळ्या चोचीचा, जो तुमच्या हातातला पाव तुमच्या देखत नेतो आणि वर ओरडतो तुमच्यावरच. घरट्यात तीन अंडी होती. पक्षीबाईंना, म्हणजे त्या दुर्बीणवाल्या बाईंना, बघायचं होतं, की पक्षीण अंडं किती गरम ठेवते आणि किती वेळा फिरवते. त्यासाठी एक खरं अंडं उचलून विद्यापीठातल्या उबवणपेटीत ठेवायचं, आणि त्याच्या जागी खोटं अंडं, पोटात सेन्सर घातलेलं. सेन्सर साडूसाहेबांचा शोध. "गावात कुठेही ठेवा, सिग्नल माझ्या टेबलावर येणार!" हे ते इतक्यांदा म्हणाले, की पुढे त्यांना स्वतःलाच त्याची शिसारी आली. अंड्याचा मसाला, म्हणजे दातांच्या कामातलंच पण नव्या जातीचं ॲक्रिलिक, दंतविभागातल्या एका सरांनी शोधलेलं. काका त्यांना मसालासर म्हणायचे. आणि परवानगी आणून देणार होते कायदा विभागाचे कलमराव, कारण घरट्याला बोट लावायचं तरी सरकारचा कागद लागतो. एक अंडं आणि चार खाती! कोंबडीने ऐकलं असतं तर धंदा सोडला असता.

"आणि माझं नाव?" काकांनी चाचरत विचारलं.

"छापून येईल," साडूसाहेब म्हणाले. "आमच्या नावांच्या शेजारी."

त्या संध्याकाळी काका जिन्यात प्रत्येक मजल्यावर थांबत थांबत वर गेले. चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत ते संशोधक झाले होते.

आता शेजारी म्हणजे फुकट सल्ल्याचं दुकान, उघडायची वेळ नाही की बंद करायची नाही. इमारतीचे सेक्रेटरी म्हणाले, "लाकडाचं करा. तरंगतं." अंडं कशाला तरंगायला हवं, हे विचारलं तर म्हणाले, "समुद्र जवळ आहे." तिसऱ्या मजल्यावरच्या मावशी म्हणाल्या, "माणसाचा वास लागला की पक्षीण अंडी टाकून जाते हो. पाप कोणाच्या डोक्यावर?" समोरचा शिंपी काहीच बोलला नाही. पण शिंपी सगळ्यात शेवटी बोलतो आणि कापडच फाडतो. त्याची गोष्ट पुढे.

काकांनी जीव ओतला. मेणाचं अंडं केलं, साचा घेतला, मसाला भरला, उकळला, घासला. वजन खऱ्या अंड्याएवढं भरावं म्हणून आत पूड घातली. रंगासाठी तर तीन वेळा मोडलं. कुरवाचं अंडं शेवाळी, वर काळपट शिंतोडे. काका दातांवर चहाचे डाग देणारे, त्यांना शिंतोडे काय अवघड? तरी समाधान होईना. शेवटी हिरड्यांचा गुलाबी रंग कणभर खालून दिला आणि अंडं जिवंत झालं. काकूंनी टेबलावर बघितलं आणि म्हणाल्या, "अहो, फ्रीजमध्ये ठेवा ना, नासेल."

काकांच्या डोळ्यांत पाणी आलं.

आणि दुसऱ्या दिवशी कलमराव कागद घेऊन आले. कलमराव म्हणजे बारीक माणूस, पण वाक्यं भरदार. "अट चौथी," त्यांनी वाचलं. "कृत्रिम अंड्यावर शर्टाच्या बटणाएवढा लाल ठिपका ठळकपणे असावा."

"कशाला?" काका.

"ओळखू यावं म्हणून."

"ओळखू येऊ नये म्हणून तर इतकी मरमर केली!"

"काका, पक्ष्याला ओळखू येऊ नये. कायद्याला यावं. ठिपका म्हणजे अंड्याची नंबरप्लेट."

काकांनी ठिपका लावला. खोटं कशाला बोलू, लावला. सुकवला. मग समोर ठेवून बघत बसले. कसं दिसत होतं सांगू? नव्या नवरीच्या पुढच्या दातावर कोणी 'खोटा' असं लिहावं, तसं.

तेवढ्यात समोरचा शिंपी सुई कॉलरमागे खोचून आत आला. अंड्याकडे बघितलं. म्हणाला, "लाल बघून बैल बिथरतो. पाखरू काय करील?"

बस्स. बुडत्याला काडी मिळाली, तीही लाल. काकांनी चाक सुरू केलं, अंडं धरलं, आणि एका झटक्यात ठिपका गेला. वरून पॉलिश मारलं. पक्ष्याच्या भल्यासाठीच केलं हे त्यांनी स्वतःला इतकं पटवलं, की जेवताना एक पोळी जास्त गेली.

गच्चीवर जायचा दिवस उजाडला. खोटं अंडं गार लागू नये म्हणून काकांनी ते गरम पाण्याच्या पिशवीत गुंडाळून पोटाशी धरलं होतं. पक्षीबाईंच्या डोक्यावर हेल्मेट. काकांच्या डोक्यावर काकूंनी दिलेलं स्टीलचं पातेलं. गच्चीच्या दारात अख्खी इमारत जमलेली.

"काका, ठिपका लावलात ना?" पक्षीबाईंनी विचारलं.

"लावला होता," काका म्हणाले. यात एक अक्षर खोटं नव्हतं, आणि म्हणूनच ते जास्त वाईट होतं.

पक्षीबाईंनी तिन्ही अंडी वजनासाठी उचलून कापसाच्या पेटीत ठेवली. काकांनी आपलं त्यांच्याशेजारी ठेवलं. चार अंडी, चार भाऊ. आणि तेवढ्यात वरून पक्षीण आली! आली म्हणजे काय, विजेसारखी आली. काकांच्या पातेल्यावर टण्णकन चोच बसली. पक्षीबाई खाली बसल्या, काका त्यांच्यावर बसले, पेटी कलंडली, अंडी कापसात गडगडली.

"काका, लवकर! तुमचं कुठलं? ठिपका दिसत नाही!"

काकांनी बघितलं. आणि अंगातलं सगळं रक्त चपलेत उतरलं. त्यांना कळेना. चारही शेवाळी, चारही शिंतोड्यांची, चारही कोमट. हातात घेऊन बघावं तर वजन सारखं, तेही त्यांनीच केलेलं. आयुष्यभर जे जमावं म्हणून धडपडले ते जमलं होतं, आणि ते जमलेलं त्यांच्याच उरावर बसलं होतं.

आता माणूस म्हणून सरळ सांगावं ना, बाई, कळत नाही. पण दारात सेक्रेटरी बघतायत, मावशी बघतायत, शिंपी बघतोय. कारागिराला स्वतःचं काम ओळखू येईना? त्यापेक्षा समुद्रात गेलेलं बरं.

"हे," काका म्हणाले आणि एकावर बोट ठेवलं. ठामपणे. जो माणूस चुकतो तो नेहमी ठामपणे.

ते घरट्यात गेलं, बाकीच्यांतली दोन त्याच्या सोबतीला. उरलेलं एक पक्षीबाईंनी तळहातावर घेऊन उबवणपेटीकडे पळवलं.

मग सुरू झाली ती वरात. सरकारी खात्याचा माणूस येऊन गच्चीला कुलूप घालून गेला. पिल्लं उडेपर्यंत गच्ची बंद. कपडे वाळायला घरात. मावशींच्या ओल्या चादरी जिन्यात लोंबू लागल्या आणि प्रत्येक मजल्यावर काकांच्या नावाने पाणी टपकू लागलं. सेक्रेटरी टाकी बघायला म्हणून किल्ली मागून गेले, तर पक्षिणीने टकलावर अशी मोहर उठवली, की ते घरातही छत्री घेऊन फिरायला लागले. "तुमचं संशोधन आहे म्हणून सोसतोय," ते छत्रीखालून म्हणायचे. काका मान खाली घालायचे. पण आतून गुदगुल्या. संशोधन म्हणाला ना!

आणि तिकडे साडूसाहेबांच्या टेबलावर चमत्कार होत होता. सिग्नल येत होता, कसा? पक्षीण अंड्याची ऊब केसभर हलू देत नव्हती. दर तासाला अंडं फिरवत होती, घड्याळ लावल्यासारखी. वादळ असो, ऊन असो, एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. साडूसाहेब वेडे व्हायचे बाकी राहिले. त्यांनी आकृत्या काढल्या, सूत्रं मांडली. एक दिवस विद्यापीठाची वीज गेली. नेमकी त्याच वेळी अंड्याची ऊब उतरली. दुसरा कोणी असता तर डोकं खाजवलं असतं. साडूसाहेब विद्वान. त्यांनी सिद्धांतच काढला, की कुरव पक्ष्याला विजेच्या तारांतलं बळ दुरून जाणवतं.

पक्षीबाईंच्या पेटीतलं अंडंही झकास चाललं होतं. त्यांनी मागून दिवा धरून बघितलं, आत मिट्ट काळोख. "पिल्लू भरलंय!" म्हणून त्या रडल्या. मसालासर म्हणाले, माझा मसाला पक्षिणीने स्वीकारला, आता तोंडात काय कठीण! जो तो खूश. रविवारी साडूसाहेब घरी आले, काकांच्या शेजारी बसले आणि पंखा कसा फिरतो ते त्यांनी सांगितलं नाही. उलट विचारलं, "बत्तीशीराव, तुम्हाला काय वाटतं?"

काय वाटतं! इतक्या वर्षांत पहिल्यांदा. काकूंनी स्वयंपाकघरातून बघितलं आणि त्या दिवशी चहात साखर जरा जास्त पडली.

व्याख्यानाचा दिवस ठरला. मोठं सभागृह, बाहेरगावचे पाहुणे, पडद्यावर काकांचं नाव. काकूंनी नवा शर्ट आणला, ताईंनी, म्हणजे साडूसाहेबांच्या बायकोने, फोन करून सांगितलं, "भावोजींना पुढच्या रांगेत बसवणार आहेत हो."

त्या सकाळी काका शर्टाची बटणं लावत असताना वरून, गच्चीच्या जिन्यातून, मावशींची हाक आली, "काका, या लवकर! तुमचं फुटलं!"

गच्चीच्या दाराला एक काच होती. काकांनी तोंड लावून बघितलं. दोन पिल्लं केव्हाच बाहेर आलेली, राखाडी कापसाचे गोळे. आणि तिसऱ्या अंड्याला, म्हणजे काकांच्या अंड्याला, आडवा तडा.

पहिल्यांदा काकांना काय वाटलं असेल? शरम वाटली. धंद्याची. "ॲक्रिलिकला तडा? उकळताना घाई झाली माझी. अरेरे! लोक काय म्हणतील?" तडा रुंद झाला. त्यातून एक चोच बाहेर आली आणि काकांकडे बघून म्हणाली, "चीं."

जिन्यात टाळ्यांचा कडकडाट झाला.

"अहो, दाताच्या मसाल्यातून पिल्लू!" सेक्रेटरींची छत्री पडली. मावशींनी हात जोडले. "काका, तुमच्या हातात जीव आहे हो, जीव!" शिंपी तेवढा काचेतून बघून, मग काकांकडे बघून, हळू म्हणाला, "मग तुमचं कुठाय?"

काका जिन्यातच बसले. सगळं डोळ्यांपुढे लख्ख झालं. बोट. पेटी. तासाला एकदा अंडं फिरवणारं तिच्यातलं यंत्र. गेलेली वीज. आणि साडूसाहेब, कोट घालून, पाहुण्यांपुढे.

ते पळाले. एक बटण वर, एक खाली, तसेच पळाले. सभागृहाच्या दारात साडूसाहेब भेटले.

"साडूसाहेब, एक सांगायचंय..."

"नंतर, नंतर! पुढच्या रांगेत बसा. आणि बटणं नीट लावा हो."

तिथे हात धरायला हवा होता. काकांनी बटणं नीट लावली. ही दुसरी वेळ भ्यायची.

व्याख्यान सुरू झालं. साडूसाहेब काय बोलले, वा! आईची माया यंत्राहून अचूक असते हे त्यांनी सूत्राने सिद्ध केलं. "असं नेमकेपण कोणतंही यंत्र दाखवू शकणार नाही!" म्हणाले आणि टाळ्या पडल्या. प्रत्येक टाळी काकांच्या गालावर पडत होती. पडद्यावर त्यांचं नाव आलं, एवढं मोठं, आणि माणूस आपल्याच नावाखाली लपायला जागा शोधत होता.

"कोणाला काही विचारायचंय?"

काकांचा हात वर गेला. त्यांनी नेला नव्हता, तो गेला.

"विचारायचं नाही," ते उभे राहून म्हणाले. "सांगायचंय. ते... तुमचं ते नेमकं यंत्रच आहे. माझं अंडं पेटीत आहे. घरट्यात तीनही खरी होती. सकाळी तिसरं पिल्लू निघालं. मी ठिपका पुसला होता. आणि बाईंनी विचारलं तेव्हा मला ओळखू आलं नाही. मी आपलं बोट ठेवलं."

पक्षीबाई उठल्या आणि धावत गेल्या. परत आल्या तेव्हा हातात अंडं होतं, इतके दिवस जिवापाड जपलेलं. त्यांनी ते टेबलाच्या कडेवर आपटलं.

टक्.

पुन्हा आपटलं. टक्. टेबलाचा टवका उडाला.

मग जे हसू फुटलं, ते विचारू नका. बाहेरगावचे पाहुणे खुर्च्यांवर कलंडले. मसालासर एकटेच उठून म्हणाले, "मजबुती मात्र बघा!" कलमरावांनी बोट वर केलं. "घरट्यात खोटं अंडं गेलंच नाही, म्हणजे अटीचा भंग नाही. मात्र सरकारी पेटीत ॲक्रिलिक उबवायला परवानगी लागते का, हे बघावं लागेल."

साडूसाहेब मंचावर पांढरे पडले होते. मग लाल झाले.

"का?" ते ओरडले. "एवढासा ठिपका! का पुसलात तुम्ही? ओळखू आलं असतं तर काय बिघडलं असतं?"

काकांनी वर बघितलं. ओठांवर उत्तर तयार होतं. साडूसाहेबांच्या वरच्या पुढच्या चार दातांत होतं ते, डावीकडचा किंचित वाकडा, कडेला चहाचा पुसट डाग. ताईंनाही ठाऊक नसलेलं. एक वाक्य बोलले असते, तर सगळं हसू तिकडे वळलं असतं.

काकांनी ते वाक्य गिळलं.

"चुकलं माझं," ते म्हणाले.

"चुकलं!" साडूसाहेब कडाडले. आणि कडाडता कडाडता एकदम थांबले. हात तोंडावर गेला. अंगात आल्यासारखे ओरडत होते, काहीतरी सैल झालं असणार. रुमाल काढून तोंडाशी धरून ते बाजूच्या दाराने निघून गेले. लोकांना वाटलं, रडू आवरेना. लोक हळहळले. काय झालं ते सभागृहात एकट्या काकांना कळलं.

घरी काकूंनी शर्ट घडी करून ठेवला. "ताई फोन घेत नाहीये," एवढंच म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. जिन्यात मावशी चादर पिळत म्हणाल्या, "जाऊ द्या हो काका, पिल्लं तरी छान आहेत." काका खाली कारखान्यात गेले आणि दिवा न लावता बसले. समोर टेबलावर अंडं. पक्षीबाईंनी पाठवून दिलं होतं, चिठ्ठी नाही, काही नाही. काकांना सगळ्यात लाज कोणाची वाटली, सांगू? त्या बाईची. दगडाला दिवा दाखवून रडली होती बिचारी.

दिवेलागणीला मागच्या दारावर टकटक झाली.

साडूसाहेब. तोंडावर रुमाल. आत आले, खुर्चीवर बसले, रुमाल टेबलावर ठेवला आणि उलगडला. चार दातांचं ते लहानसं काम, पकडीची एक तार मोडलेली. बोळक्या तोंडाचा प्रोफेसर कधी बघितलाय? एकदम लहान दिसतो.

काकांनी दिवा लावला. नवी तार वाकवली, मसाला कालवला, बसवला, उकळायला ठेवला. पातेलं गुडगुडत होतं, दोघं साडू पातेल्याकडे बघत होते. मग काकांनी चाकावर धरून घासलं, पॉलिश मारलं, पाण्याखाली धुतलं आणि रुमालावर ठेवलं.

साडूसाहेबांनी ते उचललं नाही. शेजारच्या अंड्याकडे बघत बसले. एकदा हातात घेऊन फिरवलं. परत ठेवलं.

"बत्तीशीराव," ते बोळक्या तोंडाने म्हणाले, शब्द फुसफुसत होते. "तिथे... बोलला नाहीत तुम्ही."

"धंद्याचं इमान असतं," काका म्हणाले आणि उगाच टेबल पुसायला लागले. कान लाल झाले होते.

साडूसाहेबांनी दात बसवले, आरशात बघितलं, ओठ ताणून, मग मिटून. कोट सारखा केला. दाराशी जाऊन थांबले. वळले नाहीत.

"ठिपका बिपका लावला नाहीत ना कुठे?"

"नाही," काका म्हणाले.

"बरं केलंत," साडूसाहेब म्हणाले, आणि मागचं दार सोडून पुढच्या दाराने बाहेर पडले.